शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी

गणिताने जन्मात कधी दाखवला नाही तो आकडा मला उतारवयात झोपेने दाखवला. ८८! मुलीने दिलेल्या स्मार्टवॉचवर तो सकाळी झळकला आणि दात घासायच्या आधी मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. साडूंचा ताबडतोब ९१ आला. मग काय, साडेसातला जेवण, दहाला दिवे बंद, आणि अंधारात टक्क डोळ्यांनी ‘आता गाढ झोप लागलीच पाहिजे’ अशी स्वतःलाच तंबी. झोपेचे आकडे सुधारण्याच्या नादात झोप उडण्याला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले आहे. आपल्याला इतका ताजा आजार झाला, याचाही मला थोडा अभिमान वाटला.

खरे तर या घड्याळाला झोप दिसतच नाही. त्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीखालचा रक्ताचा ठोका टिपतो, सेन्सर हाताची हालचाल टिपतो. पुढचा सगळा अंदाज. पंख्याकडे बघत निपचित पडून राहिले, तरी ते ‘हलकी झोप’ म्हणून काही मिनिटे पदरात टाकते. माझ्या ८८ मध्ये पंख्याचा वाटा किती, हे मी ग्रुपवर सांगितलेले नाही.

पण वामकुक्षीच्या बाबतीत हेच उदार घड्याळ कमालीचे कद्रू होते. वरणभात झाला आहे, वर ताक झाले आहे, पेपर तोंडावर घेतला आहे, अग्रलेखाची शाई नाकाला लागते आहे, आणि मान आरामखुर्चीत अशी काही कलली आहे की देवांनीही हेवा करावा. एवढ्यात मनगटावर थरथराट: ‘बराच वेळ बसून आहात. थोडे चाला!’ अरे, बसून? देवांसाठी लढून दमलेल्या मुचकुंदाने बक्षीस म्हणून राज्य नाही मागितले, झोप मागितली. त्याला लाथ मारून उठवणारा कालयवन नुसत्या नजरेने भस्म झाला. मीही घड्याळाकडे तशीच नजर टाकतो. ते वॉटरप्रूफ असल्यामुळे की काय, त्याला काही होत नाही.

दिवसा पेंग फारच येऊ लागली तेव्हा बायकोने डॉक्टरांकडे नेले. मी मोबाइलवरचे रंगीत आलेख उघडले. डॉक्टरांनी ते सभ्यपणे पाहिले, मोबाइल बाजूला ठेवला आणि बायकोला विचारले, “झोपेत यांचा श्वास थांबतो का हो?”

“थांबतो ना. मग मी मोजते. पंधरापर्यंत गेले की कोपर मारते.”

डॉक्टरांनी तेव्हा कुठे पेन उचलले. दहा सेकंद श्वास बंद म्हणजे एक खेप, असा त्यांचा हिशोब.

पुढे हॉस्पिटलातली ती रात्र. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला वायरी, नाकात नळी, छातीपोटाला पट्टे, बोटाला चिमटा, आणि एवढे सगळे बांधून झाल्यावर टेक्निशियन म्हणाला, “आता निवांत झोपा, काका.” सकाळी मला ३४ मिळाले. श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या तासाभरातल्या खेपा. पाचच्या आत असले तर ठीक. तीसच्या वर म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया.

रिक्षात मी चिडलोच. “इतकी वर्षं रात्री जागून मोजत होतीस, तर बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, मी घोरतच नाही.” मग बाहेर बघत म्हणाली, “घोरण्याचा त्रास नव्हता हो. आवाज बंद झाला की जाग यायची.”

यावर मला काही सुचले नाही. घरापर्यंत सुचले नाही.

आता नाकावर मास्क आणि उशाशी हवेचे मशीन असते. तपासणीला गेलो तेव्हा मशीनचा अहवाल सोबत होता, सवयीने घड्याळाचे आलेखही होते. डॉक्टरांनी अहवाल वाचला. “छान. महिन्याभराने पुन्हा दाखवा,” मला म्हणाले, आणि बायकोकडे वळले, “तुम्ही मात्र नक्की या.”