‘सगळ्यावर चालतो’ म्हणून हेडफोन विकणाऱ्या शेठना खुले पत्र

शेठ,

गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर येतं आणि एकच प्रश्न विचारतं, ‘माझ्या मोबाइलवर, लॅपटॉपवर चालेल ना?’ खोक्यावर २५० ओहम असं छापलेलं असतं. तुम्ही तो आकडा वाचून दाखवत नाही. ‘सगळ्यावर चालतो, बिनधास्त घ्या’ म्हणता आणि पावती फाडता. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक पडलेल्या चेहऱ्याने परत आलं की तुम्हाला अचानक विद्युतशास्त्र आठवतं. ‘याला ॲम्प लागतोच साहेब, हाय इम्पीडन्स आहे ना!’ म्हणजे आकड्याचा अर्थ तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. मी याला अज्ञान म्हणणार नाही. ही लबाडी आहे.

माझा भाचा लघुपटांचं ध्वनिसंकलन शिकतोय. घरीच, पंख्याखाली, जुन्या लॅपटॉपवर. त्याला तुम्ही बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो विकलात. हेडफोन उत्तम आहे, आणि कंपनीने त्याचे २५० ओहम कुठेही लपवलेले नाहीत. लपवलेत ते तुम्ही. पोराने तो लॅपटॉपच्या जॅकला लावला, आवाज पूर्ण वर नेला, आणि संवादांमागचा श्वास, कपड्यांची सळसळ, लांबून गेलेली रिक्षा, म्हणजे ज्यासाठी असा हेडफोन घ्यायचा, तेच त्याला नीट ऐकू येईना. त्याला वाटलं आपलाच कान कच्चा आहे. शिकणाऱ्या मुलाच्या मनात स्वतःच्या कानाविषयी शंका घालायचे तुम्ही पैसे घेतलेत, शेठ.

आता तुमच्याच मालाचा हिशोब तुम्हाला करून दाखवतो. या हेडफोनला १ मिलीवॉट दिला की ९६ डेसिबल आवाज निघतो. २५० ओहमवर १ मिलीवॉट पोचवायला अर्धा व्होल्ट लागतो, आणि अनेक साध्या लॅपटॉप-फोनांच्या जॅकमधून अर्धा ते एक व्होल्टच बाहेर येतो. ९६ हा आकडा मोठा दिसतो, पण तो पूर्ण पातळीचा, म्हणजे फाइलमधल्या सर्वांत मोठ्या आवाजाचा. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करणारा माणूस पातळी मुद्दाम खाली ठेवतो, कुणी एकदम ओरडलं तर आवाज फाटू नये म्हणून. संवाद पूर्ण पातळीच्या साधारण २० डेसिबल खाली राहतात. म्हणजे अर्ध्या व्होल्टवर ते उरले ७६ डेसिबलवर, आणि त्यामागची बारीक खरखर त्याच्याही खूप खाली. हा हेडफोन उघड्या पाठीचा, पंख्याची घरघर थेट आत येते. त्या घरघरीत ती खरखर ऐकू यायची कशी?

मोठ्या आवाजांना ११० डेसिबलपर्यंत मोकळीक हवी असेल तर २५ मिलीवॉट लागतात, आणि २५० ओहमवर त्यासाठी अडीच व्होल्ट. याच डीटी ९९० ची ३२ ओहमची आवृत्ती निघाली आहे आणि ६०० ओहमचीही. तिन्हींना तेच २५ मिलीवॉट पुरतात, पण ३२ ओहमला त्यासाठी ०.९ व्होल्ट लागतात आणि ६०० ओहमला जवळजवळ ३.९. शक्ती तेवढीच, दाब वेगळा. ॲम्प न घेता काम भागवायचं असणाऱ्या मुलासमोर तुम्ही ३२ ओहमचा पर्याय ठेवायला हवा होता. त्याचं नावही तुम्ही काढलं नाहीत.

जास्त ओहमचा हेडफोन ही काही फसवणूक नव्हे. व्हॉइस कॉइलची तार केसासारखी बारीक काढायची, तिचे जास्त वेढे द्यायचे आणि हलणारा भाग हलका ठेवायचा, यात कसब आहे. स्टुडिओत एकाच ॲम्पवर चार-पाच जणांचे हेडफोन समांतर जोडले तरी ॲम्पवर ताण येत नाही. २५० ओहमचे चार मिळूनही ६२ ओहमच्या वर राहतात. सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ तर २००० ओहमचा होता. अशा वस्तूंमागे माणसांनी आयुष्यं घातली आहेत. त्या तुम्ही चार्जिंगच्या वायरी विकाव्यात तशा विकता, याचा मला संताप येतो.

भाचा परत आला तेव्हा तुम्ही त्याच्यापुढे हेडफोनहून महाग ॲम्प ठेवलात आणि तोही त्याच्या गळ्यात मारलात. ‘दोन वॉटचा आहे, कशालाही हलवेल!’ ते दोन वॉट ३२ ओहमवरचे होते, शेठ, हे त्याच खोक्यावर लिहिलं होतं. ३२ ओहमवर दोन वॉट म्हणजे आठ व्होल्ट, आणि तेच आठ व्होल्ट २५० ओहमवर जेमतेम पाव वॉट देतात. आणि तो पाव वॉटही त्याला नको होता. या हेडफोनची क्षमता १०० मिलीवॉट. तेवढ्यासाठी पाच व्होल्ट पुरतात आणि आवाज ११६ डेसिबलवर जातो, जिथे कुणाचाही कान असू नये. साध्या डॅकच्या, म्हणजे डिजिटल फाइलचा विद्युतसंकेत करणाऱ्या डब्याच्या, लाइन-आउटमधून दोन व्होल्ट येतात. दुप्पट-अडीचपट गेनचा, म्हणजे आलेले व्होल्ट तेवढेच वाढवणारा, आणि पाच व्होल्ट स्वच्छ देणारा लहानसा ॲम्प त्याचं काम करून वर शिल्लक ठेवतो. तसा डबा तुमच्या खालच्या फळीवर पडून होता.

जास्त गेनचा भलामोठा ॲम्प लावला की आवाजाच्या नॉबची वापरण्याजोगी फिरकी पहिल्या काही अंशांतच संपते. तिथे स्वस्त पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, म्हणून गाणारा एका कानाकडे सरकतो. त्याहून वाईट म्हणजे नॉबला चुकून हात लागला की सगळा आवाज थेट कानात. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. त्या हिशोबाने १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. संकलन करणारा माणूस दिवसभर हेडफोन घालून बसतो. त्याच्या हातात गरजेपेक्षा दसपट ताकद देताना तुम्ही गेनच्या बटणाबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

आणि ‘ओहम कमी म्हणजे हलवायला सोपा’ हे तुमचं पालुपदही बंद करा. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा आहे, पण १ मिलीवॉटला तो ८३.५ डेसिबलच देतो. त्याला ११० पर्यंत न्यायला सुमारे ४५० मिलीवॉट लागतात, तुमच्या ‘अवघड’ डीटी ९९० च्या अठरापट. ओहम आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलीवॉटला किती डेसिबल, हे दोन्ही आकडे सोबत वाचल्याशिवाय ॲम्पबद्दल बोलायचा अधिकार कुणालाच नाही. तिसरा आकडा ॲम्पच्या स्वतःच्या आउटपुट इम्पीडन्सचा. तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत असावा, एवढं सांगितलं तरी पुरे.

२०११ साली एका अभियंत्याने टोपणनावाने ओ-टू नावाच्या ॲम्पचं सगळं सर्किट मापनांसह लोकांना देऊन टाकलं. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा, गेनला कमी-जास्तचं बटण असलेला हा ॲम्प कुणीही घरी बांधावा, अशी त्याची इच्छा होती. त्या माणसाने आपलं नावसुद्धा पुढे केलं नाही. तुम्हाला मात्र खोक्यावर छापलेले दोन आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत.

म्हणून माझी मागणी. हेडफोनच्या किमतीशेजारी त्याचे ओहम आणि सेन्सिटिव्हिटी लिहा. ॲम्पच्या किमतीशेजारी तो २५० किंवा ३०० ओहमवर किती व्होल्ट देतो ते लिहा, फक्त ३२ ओहमवरचे वॉट नकोत. दुकानात एक डॅक आणि एक साधा ॲम्प कायम जोडून ठेवा, आणि गिऱ्हाइकाला आधी त्याच्या फोनवर, मग ॲम्पवर ऐकू द्या. भाच्याचा तो दोन वॉटचा डबा परत घ्या आणि खालच्या फळीवरचा त्याला द्या. फरकाचे पैसे त्याचे आहेत.

हे वाचणाऱ्यांनो, कुठल्याही दुकानात जा, हेडफोन कशाला जोडणार ते आधी सांगा, आणि किती व्होल्ट लागतील ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

आपला,
एक श्रोता