विश्वाचे प्रॉजेक्ट मॅनेजर

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळात, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, हे गृहस्थ हमखास भेटतात. सत्तरी ओलांडलेली, इंजिनिअर, टेलिफोन कंपनीत किंवा विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात उभी हयात काढून निवृत्त. घराचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गी लागलीत, दोन्ही गुडघे बदलून झालेत. विश्व तेवढं राहिलंय. आमच्या न्यू जर्सीतल्या नमुन्याला सगळे पाठीमागे ब्रह्मांडकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका.

ताटात मसालेभात पडतो न पडतो तोच काका विचारतात, "काय रे, डार्क मॅटरचं काय झालं?" जणू ती आपण उसनी नेलेली शिडी आहे आणि परत केलेली नाही. "शोधताहेत, काका," असं आपण पुटपुटावं, की झालं. "शोधताहेत म्हणजे? व्हेरा रुबिनबाईंनी देवयानी दीर्घिकेचा हिशेब १९७० मध्ये मांडला. तारे इतक्या वेगाने फिरताहेत म्हणजे तिथे न दिसणारं वजन आहे. ते वजन कसलं, हे काम सध्या कोणाकडे आहे?"

काकांनी जन्मभर प्रॉजेक्ट सांभाळले. त्यामुळे विश्वाबद्दल त्यांना कुतूहल वगैरे नाही, त्यांना स्टेटस रिपोर्ट हवा असतो. डार्क एनर्जी ६८ टक्के, डार्क मॅटर २७ टक्के आणि ओळखीचा माल जेमतेम ५ टक्के, हे आकडे त्यांच्या फ्रिजवर दातांच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटशेजारी चिकटवलेले आहेत. "९५ टक्के काम पेंडिंग, आणि हे लोक दर ऑक्टोबरला नोबेल वाटून घेतात!" पुण्याहून पीएचडीला आलेला एक मुलगा मंडळात येतो. त्याचा विषय लेझर. पण फिजिक्सचा म्हटल्यावर काकांच्या लेखी तो कंत्राटदाराचा माणूस. हल्ली तो आरती झाली की जेवायला न थांबता निघतो.

भारतातून कोणाचेही आईवडील आले की काका त्यांना गाडीत घालून होल्मडेलला नेतात. तिथे क्रॉफर्ड हिलवर बेल लॅब्सचा शिंगाच्या आकाराचा भलामोठा अँटेना उभा आहे. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यात एक खरखर सापडली. अँटेनाचं तोंड कुठेही वळवा, खरखर तीच. न्यूयॉर्क शहराची म्हणावी, तर तीही नाही. आत कबुतरांचं एक जोडपं नांदत होतं. इथे काका मुद्दाम थांबतात, कारण दादरच्या पाहुण्यांचे कान इथेच टवकारतात. शास्त्रज्ञांनी शी खरवडून काढली, कबुतरं पकडून लांब पाठवून दिली. ती परत आली. शेवटी गोळ्या घातल्या. खरखर जागच्या जागी.

जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांची मंडळी हीच खरखर पकडायला उपकरण जुळवत होती. फोनाफोनी झाली आणि उलगडा झाला, की ही महास्फोटानंतर विश्वात मागे राहिलेली ऊब आहे, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ३ अंश. १९७८ चं नोबेल पेन्झियस आणि विल्सन यांना मिळालं. डिकी राहिले. "डोकं एकाचं, प्रमोशन दुसऱ्याचं," काका म्हणतात, आणि मग त्यांच्या स्वतःच्या हुकलेल्या प्रमोशनची हकिकत सुरू होते. ती महास्फोटापेक्षा बराच जास्त वेळ चालते.

ती संपली की त्याच टेकडीवर काका आवाज खाली आणतात. "आपल्या नारळीकरांना मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही, बरं का." फ्रेड हॉइल यांच्याबरोबर जयंत नारळीकर महास्फोटाच्या विरोधात उभे राहिले, आणि १९९३ मध्ये जेफ्री बर्बिज यांनाही सोबत घेऊन त्यांनी स्थिर विश्वाची कल्पना सुधारून पुन्हा मांडली. काकांची बुद्धी होल्मडेलला असते, मन नारळीकरांच्या कोल्हापूरला. पाहुण्यांना यातलं फारसं काही कळत नाही. या टेकडीवर मध्यंतरी घरं बांधायचं घाटत होतं आणि २०२३ मध्ये गावानेच जमीन विकत घ्यायचं ठरवलं, हे मात्र सगळ्यांना चटकन कळतं. इथपर्यंतही बिल्डर पोचला होता, या बातमीने त्यांना अमेरिका जरा आपली वाटायला लागते.

व्हॉयेजरचा विषय काकूंच्या देखत काढू नये. १९७७ मध्ये निघालेल्या त्या यानांवरच्या तबकडीत केसरबाई केरकरांचा आवाज आहे आणि चक्क मराठीतला नमस्कारही. "इतकी वर्षं झाली, निदान पोच तरी यायला हवी होती," असं काका एकदा म्हणाले. काकू पोळी लाटत होत्या. "मुलगा सिॲटलला आहे," त्या म्हणाल्या, "त्याची तरी कुठे येते?"

काकांना उत्तरं हवी आहेत असं मीही बरेच दिवस समजत होतो. पण लेझरवाला एकदा सापडला आणि सुटका करून घ्यायला त्याने लायगोची गोष्ट सांगितली. आइन्स्टाइनने वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी लुइझियाना आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या दोन यंत्रांना एकदमच सापडल्या, विषय संपला. काकांचा चेहरा पडला. "मग आता त्यात राहिलं काय?" मुलगा म्हणाला, तसंच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, खर्चाची २०२३ ची. काका ताठ बसले. जमीन ताब्यात आली का? रस्ता झाला का? वीज कुठून घेणार? त्या रात्री लेझरवाला साडेअकराला घरी पोचला.

उन्हाळ्यात न्यू जर्सीला लेकीकडे येणार असाल तर होल्मडेल पाहाच, आणि काकांबरोबरच पाहा. फक्त परतीच्या वाटेवर ते "काही शंका?" असं विचारतील तेव्हा नाही म्हणा.