वजाबाकी न मानणारा

असा एक गृहस्थ हल्ली बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत सापडतो. स्वभावाने सालस, पण त्याच्यादेखत ‘वजा’ म्हणायची सोय नाही. ‘‘वजाबाकी असं काही नसतंच,’’ घास हातातच धरून तो सांगतो आणि टिश्यू पेपर पुढे ओढतो. पायथनमधल्या सिमपाय या बीजगणित करणाऱ्या लायब्ररीला तुम्ही ‘क्ष वजा य’ दिलंत, तरी ती आत बेरीजच मांडून ठेवते. टिश्यूवर उलटं झाड उगवतं: वर मुळाशी बेरीज, एका फांदीला क्ष, दुसरीला गुणाकार, त्या गुणाकाराला लोंबकळणारे उणे एक आणि य. भागाकारालाही थारा नाही. य च्या उणे एकाव्या घाताने गुणायचं. वर्गमूळ? तोही घातच, एक-द्वितीयांश. भेंडी एव्हाना गार झालेली असते.

चहाचे ऐंशी रुपये चौघांत वाटायचे, तर हा चाराचा उणे एकावा घात काढत बसतो. तोवर पैसे दुसराच कोणी देतो. (हा भाबडेपणा की धोरण, यावर कॅन्टीनमध्ये दोन मतं आहेत.)

मुलीच्या पुस्तकात ‘सरळरूप द्या’ आलं की तो चेकाळतो. ‘‘कोणासाठी सरळ?’’ क्ष अधिक 1 चा हजारावा घात आहे तसाच बरा. विस्तार केलात तर 1001 पदं. मुलीची उद्या चाचणी आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

1971 साली एमआयटीच्या जोएल मोझेस यांनी राशींना सरळरूप देणाऱ्या संगणक प्रणालींची विभागणी राजकीय पक्षांसारखी केली होती, वापरणाऱ्याच्या राशीत त्या किती ढवळाढवळ करतात यावरून. रॅडिकल प्रणाली काहीही दिलं तरी आपल्याच साच्यात ओतते; कॉन्झर्व्हेटिव्ह सांगितल्याशिवाय हात लावत नाही. आमचा गृहस्थ हे नातेवाइकांना लावतो. आत्या कट्टर रॅडिकल: विषय पावसाचा काढा, ती त्याचं रूपांतर जमिनीच्या वाटणीत करूनच सोडते. मेहुणा कॉन्झर्व्हेटिव्ह, ताट उचल म्हटल्याशिवाय उठत नाही.

वहिनींनी एकदा म्हटलं, ‘‘मी म्हणाले तेच तू म्हणतोयस.’’

‘‘मुळीच नाही. क्ष अधिक 1 चा वर्ग आणि त्याचा विस्तार समान आहेत का, असं दोन बरोबरची चिन्हं टाकून विचार. सिमपाय नाही म्हणते. ती झाडं ताडून बघते, किंमत नाही. आणि साइन, निरपेक्ष किंमत वगैरे आलं, की कुठल्याही दोन राशी समान आहेत का हे दरवेळी ठरवून देणारी रीतच नाही. रिचर्डसन नावाच्या गणितज्ञाने 1968 मध्ये सिद्ध केलंय.’’

‘‘म्हणजे कोथिंबीर आणायची राहिली,’’ म्हणत वहिनींनी त्याच्या हातात पिशवी दिली.