श्रीमंत सिक्युअर बूट साहेबांना खुले पत्र

मुक्काम भालकी, जिल्हा बिदर

श्रीमंत सिक्युअर बूट साहेब यांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

२०१२ साली विंडोज ८ च्या सोबतीने आपण घरोघरच्या संगणकांत मुक्कामाला आलात. तेव्हापासून बटण दाबताच पहिला जाबजबाब आपणच घेता. सुरू होऊ पाहणाऱ्या प्रोग्रामवर सही कोणाची, एवढंच आपण विचारता. एवढी कर्तव्यनिष्ठा आमच्या तालुक्याला नवी आहे, म्हणून आभार.

इथल्या एका मराठी शाळेला एका कचेरीने आपले जुने संगणक दिले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, ती या यंत्रांत नाही. म्हणून हलकी लिनक्स पेनड्राइव्हवर चढवली, एफ १२ दाबलं आणि आपण लाल चौकट दाखवलीत: इनव्हॅलिड सिग्नेचर. मुलं भोवती उभी होती. त्यांच्या वतीनेही आभार मानतो. त्या लिनक्समध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड होते, आणि या मुलांना दोन्ही भाषा लिहाव्या लागतात. पण आपल्यासारख्यांनी अशा किरकोळ गोष्टींत लक्ष का घालावं?

आपले धाकटे बंधू फास्ट बूट यांनाही नमस्कार सांगावा. वेळ वाचवण्याच्या नादात ते यूएसबीकडे बघतही नाहीत, त्यामुळे काही यंत्रांत पेनड्राइव्ह यादीतच दिसला नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर पेनड्राइव्हने दर्शन दिलं. कृपा आहे.

आपल्या पहाऱ्याची कीर्ती जगभर आहे. मार्च २०२३ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ब्लॅकलोटस नावाच्या बूटकिटची, म्हणजे यंत्र सुरू होतानाच शिरणाऱ्या व्हायरसची, फोड करून दाखवली. सगळे अपडेट घेतलेल्या विंडोज ११ मध्येही ते आपल्या देखत शिरत होतं. मायक्रोसॉफ्टच्याच सहीच्या जुन्या, सदोष फायली त्याने बरोबर आणल्या होत्या, आणि त्या अजून रद्द यादीत गेल्या नव्हत्या. सही दिसली, आपण मुजरा केलात. शाळेचा पेनड्राइव्ह तेवढा धोकादायक ठरला.

उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्यावर आपली मर्जी आहे, कारण त्यांच्या शिम या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने नवे नियम लावले, आणि विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या कित्येकांची लिनक्स सुरू होईना. सहीवाल्यांवरही आपण अशी माया करता.

साहेब, १९५६ ला आमच्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा तिकडे महाराष्ट्राच्या बाजूला गेले; भालकी, औराद इकडे कर्नाटकाच्या बाजूला राहिले. तरी भालकीचा माणूस बिघडलेला संगणक पिशवीत घालून रेल्वेने उदगीरला नेतो, आणि सीमेवर त्याला कोणी कागद मागत नाही. आपल्याच टेबलावरच्या यंत्रात काय चालवायचं, यासाठी मात्र त्याला आपली परवानगी लागते.

आपल्याला बंद करण्याची सोय मालकाला असावी, ही अट विंडोज ८ च्या काळात साध्या पीसीला होती. २०१५ ला विंडोज १० आलं, तेव्हा ती सोय ठेवायची की नाही हे यंत्र बनवणाऱ्यांवर सोडलं गेलं. आमच्या यंत्रांत ती आहे. पण देणाऱ्या कचेरीने सेटअपला पासवर्ड लावून ठेवला होता, आणि तो ठाऊक असलेला माणूस बदलून गेला आहे. डेस्कटॉप उघडून, मदरबोर्डवरचा जंपर हलवून काहींची सुटका झाली. लॅपटॉप अजून कपाटात आहेत.

पहारेकरी हवाच, याबद्दल वाद नाही. सुरू होण्याआधीच शिरणारा व्हायरस फार वाईट. पण ज्याने यंत्र घेतलं, किल्ली त्याच्या हाती असली पाहिजे. ती आपण परस्पर दुसऱ्याला दिलीत, ही आमची तक्रार आहे.

वाचकहो, शाळेला संगणक देणार असाल तर आधी सेटअपचा पासवर्ड काढा. आणि घेणाऱ्यांनी पोचपावतीवर सही करण्याआधी प्रत्येक यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करून बघावं.

आपला आज्ञाधारक,
एक यंत्रमालक