कॅसेटकाका

प्रत्येक खानदानात लग्न जमवणारी एक आत्या असते, फुकट औषधं सांगणारा एक मेहुणा असतो, आणि हल्ली एक कॅसेटकाका असतात. घराण्यातल्या तमाम व्हिडिओ कॅसेट्स गोळा करून त्या डिस्कवर उतरवणं हे त्यांचं काम. ते त्यांच्यावर कोणी सोपवलेलं नसतं. कोणाच्या तरी माळ्यावर लग्नाची कॅसेट सापडते, कोणी तरी ‘टाकून देऊ या’ म्हणतं, आणि ते काकांच्या कानावर जातं. तिथून पुढे कोणाचंच काही चालत नाही.

कॅसेटकाका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. त्यामुळे पहिली कॅसेट हातात यायच्या आत रजिस्टर तयार असतं. रकाने असे : अनुक्रमांक, प्रसंग, कोणाकडून आली, प्रकृती, शेरा. प्रकृतीत ‘बुरशी, मध्यम’ किंवा ‘टेप चुरगळलेली’ अशा नोंदी. शेऱ्याच्या रकान्यात मात्र काका मोकळे होतात : ‘नलूआत्या रुसलेली, ०१:१२:४० पासून.’

कॅसेट आली की ते आधी तिचा वास घेतात. मग खिडकीपाशी नेऊन तिरकी धरतात. रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले की आणणाऱ्याची हजेरी सुरू. “अरे, ही अशीच व्हीसीआरमध्ये सारली असतीस ना, तर हेडचं वाटोळं झालं असतं. आणि मागून येणाऱ्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळाला असता!” मग पाठचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली जाते. आत अडीचशे मीटरच्या आसपास टेप, जेमतेम अर्धा इंच रुंद. काका ती मऊ फडक्यानं इतक्या हलक्या हातानं पुसतात की काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, “अहो, चष्मासुद्धा कधी असा पुसला नाहीत!” पुसलेल्या कॅसेट डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. नातेवाइकांपैकी कोणी नवे बूट घेतले की पुड्या काकांकडे पोचत्या करायच्या, असा दंडकच आहे.

व्हीसीआर ही वेगळी तपश्चर्या. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात ते बनवणारी तीच शेवटची कंपनी उरली होती. बातमी वाचून काकांनी त्याच रविवारी पुण्याचा जुना बाजार गाठला आणि तीन बंद व्हीसीआर उचलून आणले. एक चालवायला, दोन सुट्या भागांसाठी. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी पासोड्या विठोबापाशी मिळाल्या. पिवळीतून चित्र, बाकी दोन्हींतून आवाज. कॉम्प्युटरला लावायचं कॅप्चर कार्डही तिथलंच. दुकानदारानं विचारलं, “काका, बिझनेस टाकताय का?” काका म्हणाले, “नाही, घरचंच कार्य आहे.”

या कार्याची अडचण एकच : तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. भाचा विचारतो, “काका, फास्ट फॉरवर्ड करून नाही का होत कॉपी?” काका त्याच्याकडे नुसते बघतात. “तुझी मुंज फास्ट फॉरवर्डमध्ये झाली होती का?”

ते तीन तास घरात संचारबंदी असते. मिक्सर बंद, इस्त्री बंद, न जाणो दाब कमीजास्त झाला तर! कोणी शिंकलं तरी “श्शू! रेकॉर्डिंग चालू आहे.” आवाज वायरीतून जातो, खोलीतली शिंक डिस्कवर उमटायची काहीच सोय नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. काकांनाही माहीत आहे. पण मंगलाष्टकं चालू असताना शिंकणं हे त्यांना तत्त्वतःच मंजूर नाही.

वास्तविक मंगलाष्टकं ऐकूच येत नाहीत. १९८२च्या आशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, मग घरोघर रंगीत टीव्ही आले, गल्लोगल्ली व्हीसीआर भाड्यानं मिळू लागले आणि लग्नात फोटोवाल्याच्या शेजारी शूटिंगवाला उभा राहिला. त्याच्यामागे मिक्सिंगवाला आला. त्यानं भटजींचा आवाज पुसून तिथे सिनेमाची गाणी चढवली. नवरीला बदामात बसवलं, नवऱ्याला आंब्याच्या पानात, आणि दोघांना फिरवत फिरवत पडद्याच्या कोपऱ्यात नेऊन सोडलं. पंगतीचं दृश्य तर सगळ्या कॅसेटांत एकच : हॅलोजनचा झोत पडताच जिलबी तोंडाशी नेलेला हात तिथेच थांबतो, कारण फोटोत हलायचं नसतं, हा जुना संस्कार. शूटिंगवाला ओरडत असणार, “जेवत राहा, जेवत राहा!” तेवढंही गाण्याखाली दबलेलं. मग शेवटचा तासभर आहेर. पाकीट, हात जोडणे, हसणे, पुढचा.

हे सगळं काका अथपासून इतिपर्यंत बघतात. ज्यांचं लग्न आहे त्यांनीही ते कधी सबंध पाहिलेलं नसतं.

मधूनमधून अपघात होतात. एका मुंजीत बटू मातृभोजनाला बसतो, आई घास पुढे करते, आणि पडद्यावर एकदम भीष्म शरशय्येवर! कोणी तरी रविवारी सकाळी त्याच कॅसेटवर महाभारत टेप केलेलं. परत रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कॅसेटची प्लास्टिकची टिकली मोडलेली होती. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवला की काम भागतं, हे ज्ञान तेव्हा घराघरांत होतं. आता ती डिस्क लावून बटूचे वडील म्हणतात, “निदान भीष्म तरी नीट आलेत.” न्यू जर्सीहून आलेल्या डोहाळजेवणाची गोष्ट वेगळी. तिथली पद्धत एनटीएससी, आपली पाल, त्यामुळे काकांच्या व्हीसीआरवर हिरवी साडी करडी दिसली आणि बाई सारख्या वर सरकू लागल्या. काकांनी शेरा मारला : ‘परदेशी प्रकृती. तूर्त स्थगित.’

डिस्कचं गणितही सरळ नाही. चार पूर्णांक सात जीबीत नीट दर्जाचे दोनेक तासच मावतात आणि लग्नं तर तीन तासांची. दर्जा उतरवणं काकांच्या स्वभावात नाही, म्हणून प्रत्येक लग्न दोन डिस्कांवर : पहिलीवर विधी, दुसरीवर जेवण आणि आहेर. पहिली कोणी मागत नाही.

खरं तर दुसरीही कोणी मागत नाही. पुतणी हळूच सांगते, “काका, आमच्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नाहीये.” काका शांतपणे कपाटातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढून देतात; त्याचंही रजिस्टर आहे. “क्लाउडवर टाकू या ना,” असं कोणी सुचवलं की उत्तर ठरलेलं : “आपल्या घरचं लग्न दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशाला?”

पण डिस्क तयार झाल्याची बातमी फुटली की फोन मात्र सुरू होतात. बघायला नको असतं कोणालाच, काढून टाकायला हवं असतं. “अहो भाऊजी, तो आमच्या ह्यांचा नाचाचा भाग तेवढा गाळता येईल का हो?” किंवा, “त्या अमक्याशी आता आमचं बोलणं नाही, त्याचा आहेर काढा.” काका ठाम असतात. “मूळ प्रतीत फेरफार होणार नाही. हवं तर शेऱ्यात नोंद करतो.”

त्यांचा पुराव्यावर असा विश्वास असल्यामुळेच गणपतीत तो प्रकार घडला. १९८९च्या एका लग्नात विहीणबाईंना कबूल केलेली पैठणी दिली की साध्या साडीवर बोळवण केली, यावरून दोन घरांत तेव्हापासून अबोला आहे. काकांना दुसऱ्या डिस्कवर ते ताट सापडलं. आरती झाल्यावर दोन्हीकडची मंडळी बसलेली असताना त्यांनी डिस्क लावली आणि नेमक्या जागी थांबवली. जांभळी पैठणी, काठावर मोर. चित्र थरथरत होतं, पण मोर मोजता येत होते.

“बघा,” काका म्हणाले.

विहीणबाईंनी चष्मा लावला, काढला, पदरानं पुसून परत लावला. “ही दाखवायची होती. हातात पडली ती वेगळीच.”

तिकडून नलूआत्या म्हणाली, “आणि हे आपलं लग्न कशावरून? त्या मिक्सिंगवाल्यानं दुसऱ्याच कोणाच्या कॅसेटमधलं ताट घातलं असेल. बदामं घालत होता, ताट घालायला काय झालं?”

दोन्ही घरं बऱ्याच वर्षांनी एका मुद्द्यावर एक झाली. काकांचा चेहरा उतरला. पण प्रसाद घेईपर्यंत तो पुन्हा उजळला होता. मिक्सिंगमध्ये घोटाळा असेल, तर मिक्सिंगच्या आधीची रॉ कॅसेट बघायला हवी! शूटिंगवाल्याच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शिवाय तो रॉ कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरायचा, हेही काकांना पक्कं ठाऊक आहे. पण पुढचं लग्न छोटं झालं असेल, तर कॅसेटच्या शेवटी आपलं थोडं उरलं असणारच की! म्हणून सध्या काका १९८९च्या त्या मोसमात त्या कार्यालयात आपल्यानंतरची तारीख कोणाची होती, याचा शोध घेत आहेत. रजिस्टरात नवं पान उघडलं आहे.