काटा चढतो, गाडी नाही

आमच्या घरात गाडी बायको चालवते आणि मी काट्याकडे बघतो. वेगाच्या नव्हे, तापमानाच्या. जुनी कॅम्पर व्हॅन घेतल्यापासून मला ही कायमची नोकरी लागली आहे. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, "हिने स्पितीचा हिवाळा बघितलाय. तुमचं कोकण म्हणजे हिला किरकोळ!" आम्ही भारावलो आणि दोन पलंग, एक ओटा, गॅसची शेगडी आणि पंधरा वर्षांचं इंजिन घेऊन घरी आलो.

पुण्यात गाडी जरा तापायची म्हणून थर्मोस्टॅट, रेडिएटरचं टोपण आणि पाण्याचा पंप एवढं बदलून झालं. तरी जाताना खंबाटकीत काटा थोडा वर सरकलाच. तो मी तिचा उत्साह समजलो. गुहागरचे चार दिवस सुखात गेले. परतीला, मे महिन्यातल्या भर दुपारी, पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलो आणि काही वळणांतच काटा लाल पट्ट्यात. इथे कोयनेचं पाणी बोगद्यांतून खाली येतं आणि पोफळीला वीज तयार करतं. आमचं पाणी वर निघालं होतं आणि नुसती वाफ तयार करत होतं.

"हीटर लाव," मी म्हणालो.

"मे महिन्यात?"

"अगं, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनातली उष्णता आत येते."

"म्हणजे इंजिनाऐवजी आपण उकळायचं!"

लावला. काटा केसभर उतरला, बायकोचा पारा हातभर चढला. शेवटी गाडी कडेला घेतली.

आमचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे तपासायचं तर आधी बायकोला उठवावं लागतं. तेही केलं. घाटात बंद पडलेल्या गाडीला वैद्य शोधावे लागत नाहीत. एक बाइकवाला थांबला. "थर्मोस्टॅट अडकलाय. 85 अंशांच्या आसपास उघडायला हवा." नवा आहे म्हटल्यावर तो हिरमुसून निघून गेला. मग जीपमधले एक काका उतरले आणि शोकसभेच्या आवाजात म्हणाले, "हेड गॅस्केट. थंड झाल्यावर टोपण काढून इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर समजा संपलं."

'थंड झाल्यावर' हे शब्द मला ऐकूच आले नाहीत. मी टोपणाला हात घातला, तोच कुणीतरी मनगट धरलं. कराडकडे निघालेल्या ट्रकचे ड्रायव्हरमामा होते. "भाजून घ्यायचंय का? दाबाखाली पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत न्हाई. टोपण सैल केलं की सगळं एकदम तोंडावर!"

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "चढाला तापती, का उभी असली तरी?"

"चढाला."

"मग वारा बघू."

गाडी निवायला पाऊण तास गेला. मामांनी पाणी भरलं, इंजिन चालू करायला लावलं आणि खिशातला रुमाल पुढच्या जाळीला लावला. वरच्या भागात पंख्याने तो ओढून घेतला. हात सोडला तरी चिकटून राहिला. खालच्या भागात लावला, तर अलगद रस्त्यावर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

इंजिन बंद करून मामांनी चार स्क्रू काढले आणि जाळी उतरवली. मागे, रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागावर, तारेने नीट बांधलेला पुठ्ठा. सफरचंदाच्या पेटीचा. त्यावरचं लालभडक सफरचंद आमच्याकडे बघत होतं.

बर्फाच्या मुलखात इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून रेडिएटरपुढे असा पुठ्ठा लावतात. म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता. हिने स्पितीचा हिवाळा खरंच बघितला होता, आणि तोच स्वेटर घालून ती मे महिन्यात कोकणात आली होती!

मामांनी पैसे घेतले नाहीत. आमच्या शेगडीवरचा चहा मात्र दोनदा घेतला. पुढे हेळवाकपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. मला एकदम बेकार झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनो, उभ्या उभ्या तापली तर आधी पंखा बघा, चढाला तापली तर रेडिएटर बघा, आणि टोपणाला गरम असताना हात लावू नका. पण सुटे भाग बदलण्याआधी जाळीच्या मागे एकदा टॉर्च मारा. आमचा पंप, थर्मोस्टॅट आणि टोपण तिन्ही ठणठणीत होते. जुनेसुद्धा.