प्रतीक्षाधीन

पसरणीचा घाट चढून लोक पाचगणीला येतात ते टेबललँड बघायला, स्ट्रॉबेरी खायला. मी वाईहून चार खेपा केल्या त्या एका दाखल्यासाठी. कचेरीचं नाव सांगत नाही. कागद अजून त्यांच्याच हातात आहे.

"साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या," असं चौथ्यांदा ऐकलं, तेव्हा हवापालट झाला असं मानून पाय मोकळे करायला निघालो. चालत चालत एशिया प्लॅटोच्या फाटकापाशी पोचलो. राजमोहन गांधींच्या पुढाकाराने 1960 च्या दशकात उभं राहिलेलं हे केंद्र. इथे सरकारी अधिकाऱ्यांचीही शिबिरं होतात. रीत साधी: वही-पेन घेऊन गप्प बसायचं, आतून काय ऐकू येतं ते लिहून काढायचं. 1966 आणि 2005 साली दिल्लीने प्रशासकीय सुधारणा आयोग नेमले, दुसऱ्याने तर नीतिमत्तेवर अख्खा अहवाल दिला. इथे सुधारणेची सुरुवात मौनापासून. मौनात मात्र माझ्या फायलीचा हात कोण धरणार?

तसा महाराष्ट्राने 2005 सालीच विलंबाविरुद्ध कायदा केला आहे. त्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. म्हणजे सात दिवसांचं मौन कायदेशीर! पुढे 2017 साली पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम काढली आणि कपाटांवरची धूळ हलली. कागदांचे सहा गठ्ठे करायचे, त्यांतला एक 'प्रतीक्षाधीन'. काय देखणा शब्द आहे! लग्नपत्रिकेतसुद्धा शोभेल.

घरी येऊन मीही माझ्या कपाटाचे सहा गठ्ठे करायला बसलो. विजेची बिलं, विम्याचे कागद, मित्राचं उत्तर न दिलेलं पत्र, अर्धवट लेख. 'नष्ट करायचे' या गठ्ठ्यात एकही कागद टाकायला हात धजेना. संध्याकाळपर्यंत पाच गठ्ठे रिकामे आणि 'प्रतीक्षाधीन' तेवढा कमरेएवढा.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"प्रशासकीय सुधारणा."

"मग ते मित्राचं पत्र आधी निकाली काढा. सहा महिने झाले."

मी म्हटलं, "उद्या बघू." आणि तो आवाज मला फार ओळखीचा वाटला.